डोरेमॉनकडून शिकलेली मैत्री

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा विषयही त्यांनीच सुचवला होता: ‘बदलत्या ऋतूंतील बालकांचे आजार’. गेली पंचवीस वर्षे या ना त्या स्वरूपात मी हाच लेख लिहीत आले आहे. उकळून गार केलेले पाणी, जलसंजीवनी, लसीकरणाचे वेळापत्रक आणि ‘सर्दी-खोकल्याला प्रतिजैविके देण्याचा आग्रह धरू नका’ ही शेवटची विनंती! आपल्या सभासदांना तो लेख पाठ आहे, आणि ज्या मातांनी तो वाचायला हवा त्यांच्या हाती स्मरणिका फारशी पडत नाही. म्हणून या खेपेस थोडी आगळीक करून विषय बदलते आहे. संपादक आणि सुज्ञ वाचक मला क्षमा करतील, अशी आशा आहे. माझा विषय आहे डोरेमॉन.

ज्यांच्या घरात २००५ नंतर एखादे लहान मूल वाढले आहे, त्यांना या निळ्या यांत्रिक मांजराचा परिचय करून देण्याची गरज नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगते. नोबिता नावाचा एक जपानी शाळकरी मुलगा. अभ्यासात मागे, खेळात मागे, रडवा, आळशी आणि दुपारी झोपण्यात मात्र निष्णात. त्याच्या पणतूच्याही पुढच्या पिढीतील एक मुलगा बाविसाव्या शतकातून एक यंत्रमांजर त्याच्या मदतीला पाठवतो. हाच डोरेमॉन. त्याच्या पोटावर एक खिसा आहे आणि त्या खिशातून अजब वस्तू निघतात: डोक्यावर लावून उडण्याचा पंखा, हव्या त्या ठिकाणी उघडणारे दार, पाठांतर करून देणारा पाव. शेजारपाजारी दांडगट जियान, बढाईखोर सुनिओ आणि समंजस शिझुका. इतकाच संसार. १९७० सालच्या जानेवारी अंकापासून ही चित्रकथा जपानमधील शाळकरी मुलांच्या मासिकांतून प्रसिद्ध होऊ लागली. प्रत्येक इयत्तेचे मासिक निराळे असे आणि त्या त्या वयाच्या मुलांना समजेल अशी कथा लेखक स्वतंत्रपणे रचीत असे. दूरचित्रवाणीवर ती १९७३ साली आणि पुन्हा १९७९ पासून आली. आपल्याकडे ती हिंदीतून पोहोचली आणि इंदूरच्या मराठी घरांतील आज्यांना नातवंडांच्या तोंडून जपानी मुलांची हिंदी ऐकावी लागली.

बालरोगतज्ज्ञ म्हणून या साऱ्याविषयी माझे मत काय असणार, हे उघड आहे. दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाकाठी फार तर एक तास आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात आणि मीही रोज तेच सांगते. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्येच एका दुसऱ्या कार्टूनमधील लाल-निळ्या लुकलुकाटाने सुमारे ७०० जणांना रुग्णालयात न्यावे लागले होते, त्यांत बहुतेक मुले होती आणि अनेकांना झटके आले होते. हे उदाहरणही मी पालकांना वर्षानुवर्षे ऐकवत आले आहे. माझ्या मुलीच्या लहानपणी घरातील रिमोट माझ्या पर्समध्ये असे, यावरून काय ते समजावे.

२००७ साली मुलीला कावीळ झाली. तीन आठवडे शाळा बंद, मैत्रिणींना घरी येण्यास मनाई. आठ वर्षांच्या मुलीने दिवसभर छताकडे पाहत पडावे तरी किती? मी नाइलाजाने रिमोट बाहेर काढला, आणि दुपारचा दवाखाना आटोपून आल्यावर तिच्या शेजारी बसून जेवता जेवता मीही पाहू लागले. पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या, दुसऱ्या दिवशी कुतूहल, आणि आठवडाभराने मीच तिला विचारू लागले, “अगं, काल त्या जियानचं पुढे काय झालं?” तेव्हापासून आजवर त्या पडद्यावरून मैत्रीविषयी मी जे काही शिकले, ते आपल्यापुढे ठेवते. बालमानसशास्त्राची पुस्तके मी परीक्षेपुरती वाचली होती. परंतु यातील काही धडे मला त्या पुस्तकांतून समजले नव्हते, हे प्रांजळपणे कबूल करते.

पहिला धडा उंचीचा. डोरेमॉनची उंची १२९.३ सेंटिमीटर आहे आणि वजन १२९.३ किलो. त्याचा बॉडी मास इंडेक्स ७७ च्या पुढे जातो, तेव्हा आपले मधुमेहतज्ज्ञ मित्र हा परिच्छेद वाचताना सावरून बसतील! पण गंमत बाजूला ठेवू. त्या काळच्या जपानी चौथीतील मुलांची सरासरी उंचीच लेखकाने त्याला दिली. भविष्यातून आलेला, सर्व विद्या जाणणारा, खिशात जग बाळगणारा हा मित्र नोबिताकडे वरून पाहत नाही. त्याचे डोळे नोबिताच्या डोळ्यांच्या पातळीवर आहेत. मदत करणारा नकळत उंच होत जातो आणि मदत घेणारा खुजा, हा आपल्या व्यवसायाचा नित्याचा अनुभव आहे. मी त्यानंतर दवाखान्यातील माझी उंच खुर्ची बदलून एक बुटके स्टूल घेतले. मुलाशी बोलताना मी त्यावर बसते. मुले कमी रडू लागली, आणि एरवी आईच जी हिस्ट्री सांगत असे, ती मुले स्वतः सांगू लागली.

दुसरा धडा दोषांचा. डोरेमॉन हे सदोष यंत्र आहे. त्याचे दोन्ही कान उंदरांनी कुरतडले, तेव्हापासून हे मांजर उंदराला पाहताच किंचाळत पळते. घाईच्या वेळी त्याला खिशातून नेमकी हवी ती वस्तू सापडत नाही. आणि ज्याच्या मदतीला तो आला, तो नोबिता तर गुणपत्रिकेवर शून्य घेऊन येणारा. त्या गल्लीत सर्व विषयांत पहिला येणारा, देखणा आणि नम्र असा एक मुलगाही आहे. पण डोरेमॉन काही त्याच्या घरी राहायला जात नाही. नोबिताच्या अंगी दोनच कला आहेत: बोटांवर दोरा गुंफून आकृत्या करणे आणि नेमबाजी. गुणपत्रिकेत या दोहोंना रकाना नाही. मित्र मात्र त्या जाणून असतात. ‘कोणाशी मैत्री करावी’ याचा आपल्या मध्यमवर्गीय घरांतील निकष अजूनही ‘त्याला गणितात किती मिळाले’ हाच आहे. मुलांची मैत्री आपण प्रवेश परीक्षेसारखी गाळून घेतो आणि मग मूल एकटे पडले की समुपदेशकाचा पत्ता विचारतो.

येथे एका लहान रुग्णाची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वडिलांच्या बदलीमुळे इंदुरात नव्याने आलेले मराठी कुटुंब. मुलगा नऊ वर्षांचा. तीन महिने पोट दुखते, नेमके सकाळी, बेंबीभोवती. सोनोग्राफी दोनदा झालेली, रक्त-लघवीचे रिपोर्ट सामान्य, जंताचे औषध तीन वेळा घेऊन झालेले. वारंवार पोट दुखणाऱ्या मुलांविषयी अ‍ॅप्ली आणि नेश यांनी ब्रिस्टलच्या १००० शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ साली जे लिहिले, ते आपण सर्वांनीच वाचले आहे. साधारण दहा मुलांमागे एकाला हा त्रास असतो आणि त्यांतील फारच थोड्यांच्या पोटात शोधून सापडेल असा विकार असतो. मी स्टुलावर बसले आणि त्याच्या दप्तरावरील चित्र पाहून सहज विचारले, “तू यातला कोण?” तो म्हणाला, “नोबिता.” मी विचारले, “आणि तुझा डोरेमॉन?” मुलाने मान खाली घातली आणि हिंदीतच उत्तर दिले, “वो अभी आया नहीं.”

तीन महिन्यांच्या कागदांच्या गठ्ठ्यात जे नव्हते, ते या चार शब्दांत होते. नव्या शाळेत डबा खायला त्याच्याशेजारी कोणी बसत नव्हते. मी औषध लिहिले नाही. वर्गातील एखाद्या मुलाला दर रविवारी पोहे-जिलेबी खायला घरी बोलवा, इतकेच आईला सांगितले. त्याचे गुण विचारू नका, हेही बजावले. पोटदुखी एका दिवसात गेली नाही. पण दोन महिन्यांनी ती आठवड्यातून एकदा आणि मग परीक्षेपुरती राहिली. शेवटच्या भेटीत त्याच्याबरोबर एक दुसरा मुलगा आला होता, आणि दोघे वजनकाट्यावर एकाच वेळी उभे राहून काटा मोडण्याच्या बेतात होते.

तिसरा धडा मला सर्वांत महाग पडला. या मालिकेतील एका कथेत डोरेमॉन नोबिताला एक बटण देतो. जो नकोसा असेल त्याचे नाव घेऊन बटण दाबायचे, की तो माणूस नाहीसा होतो. इतकेच नव्हे, तो कधी होता हेही कोणाला आठवत नाही. नोबिता रागाच्या भरात जियानला पुसून टाकतो. मग सुनिओला. शेवटी वैतागून सगळ्यांनाच. आरंभी मौज वाटते. सगळी दुकाने, सगळी खेळणी आपलीच. मग अंधार पडतो, आणि त्या ओसाड गावात नोबिताला कळते की एकट्याने जगता येत नाही. मारणारा जियानसुद्धा चालेल, पण कोणीतरी हवे, असे त्याला वाटू लागते. तेव्हा डोरेमॉन प्रकट होतो आणि सांगतो की हे यंत्र हुकूमशहांना अद्दल घडवण्यासाठीच बनवले आहे. सगळे परत येतात. दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या तीन पाइपांच्या त्या मोकळ्या जागेत पुन्हा खेळ सुरू होतो, आणि बहुधा पुन्हा मारामारीही.

असे एक बटण मी २००९ साली दाबले. माझी एक मैत्रीण स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षापासून आम्ही एकत्र. शवविच्छेदनाच्या टेबलावर शेजारी, वसतिगृहात एका खोलीत, पुढे व्यवसायातही जोडीने. बाळ तिच्या हातून यायचे आणि माझ्या हातात पडायचे. अशी किती बाळे, त्याची मोजदाद नाही. एका रात्री एका खासगी रुग्णालयात तिने मला तातडीने बोलावले. बाळाचे ठोके घसरलेले, पाण्यात शी केलेली. शस्त्रक्रिया झाली तेव्हा बाळ निळे आणि लुळे होते. आम्ही त्याला श्वासावर आणले. बाहेर आले तर दारात नातेवाईक उभे. “असे कसे झाले?” त्यांनी विचारले. दमलेल्या, घाबरलेल्या अवस्थेत माझ्या तोंडून शब्द गेले, “मला अर्धा तास आधी बोलावलं असतं तर...” वाक्य मी पूर्णही केले नाही. त्याची गरजच उरली नव्हती. पुढे बाचाबाची, तक्रार, महिनोन्महिन्यांचा मनस्ताप, सारे तिच्या वाट्याला आले.

बाळ बाराव्या दिवशी अंगावर पिऊ लागले आणि सुखरूप घरी गेले. आमची मैत्री वाचली नाही. तिने मला बोलावणे थांबवले. मीही ‘मी खोटे काय बोलले?’ या अभिमानात राहिले. लग्नकार्यात आणि व्याख्यानांना समोरासमोर आलो की हसत असू, आणि पुढच्या रांगेत एखादी खुर्ची सोडून बसत असू. तेव्हा माझी मुलगी दहा वर्षांची होती. ती म्हणाली, “आई, जियान आणि नोबिता तर रोज भांडतात. तरी संध्याकाळी मैदानात जातात. तुझं आणि मावशीचं मैदान कुठे आहे?” मी तिला “मोठ्यांच्या गोष्टीत बोलू नये” असे सांगितले आणि टीव्ही बंद केला.

या गोष्टीचा शेवट पुढे सांगते. आधी चौथा धडा.

१९७४ साली लेखकाने ही चित्रकथा संपवण्याच्या बेताने एक प्रकरण लिहिले. २०१४ च्या चित्रपटातही तो प्रसंग आहे. डोरेमॉनला भविष्यात परत जावे लागणार असते. आपण गेल्यावर या रडव्याचे कसे होईल, ही एकच काळजी त्याला असते. त्या रात्री जियानशी गाठ पडते, तेव्हा नोबिता प्रथमच डोरेमॉनला हाक मारत नाही. मार खातो, पडतो, पुन्हा उठतो आणि जियानचा पाय सोडत नाही. शेवटी जियानच कंटाळून हार मानतो. आपण एकटे जिंकू शकलो नाही, तर मित्राला निश्चिंत मनाने जाता येणार नाही, एवढेच नोबिताच्या मनात असते. सकाळी शेजारची गादी रिकामी असते. पुढच्याच महिन्यात लेखकाने डोरेमॉनला परत आणले, हा भाग वेगळा. मुलांच्या जगात वियोग फार काळ टिकू देणे त्यालाही जमले नसावे.

हा प्रसंग प्रत्येक आई-वडिलांनी पाहावा, असे मला वाटते. मालिकेवरचा नेहमीचा आक्षेप असा, की नोबिता प्रत्येक अडचणीत यंत्राकडे धावतो आणि मुलेही तेच शिकतात. पण नीट पाहिले तर जवळजवळ प्रत्येक कथेत ते यंत्र अखेर अंगावर उलटते. खिशातील वस्तूंनी नोबिताचे भले क्वचितच होते. भले होते ते मित्र शेजारी असल्याने. आज नववी-दहावीतील मुलाचे दप्तर उचलणारे, त्याचा प्रकल्प करून देणारे आणि त्याच्या भांडणात शाळेत जाऊन तावातावाने बोलणारे पालक मी रोज पाहते. त्यांच्याही पोटावर तो खिसा आहे. आपण नसताना मुलाचे अडणार नाही, अशी तजवीज करणे हे खिसा रिकामा करण्यापेक्षा अवघड आणि अधिक प्रेमाचे काम आहे.

पाचवा आणि माझ्या मते सर्वांत मोठा धडा शिझुकाच्या वडिलांच्या तोंडी आहे. पुढे मोठेपणी नोबिताचे शिझुकाशी लग्न ठरते. लग्नाच्या आदल्या रात्री ती अस्वस्थ होते. तेव्हा वडील तिला समजावतात, की तुझी निवड अचूक आहे, कारण या मुलाला दुसऱ्याच्या सुखाने आनंद होतो आणि दुसऱ्याच्या दुःखाने वाईट वाटते. हुशारी, नोकरी, पगार यांतील एकही शब्द ते काढत नाहीत. पतंजलींच्या योगसूत्रांत मैत्री, करुणा आणि मुदिता यांचा उल्लेख आहे, तो आपण व्याख्यानांतून ऐकतो. करुणा डॉक्टरांना थोडीफार जमते. दुसऱ्याच्या सुखाने सुखावणे, ही मुदिता मात्र शेजारच्या दवाखान्यापुढील गर्दी पाहून आपल्याला किती जमते, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्यापुरते द्यावे.

या मालिकेत सारेच गोमटे आहे, असे मी म्हणणार नाही. जियानची दांडगाई फार हसण्यावारी नेलेली आहे. खऱ्या शाळेत तीच दांडगाई मुलाची झोप उडवते, आणि असा मार खाणाऱ्या मुलाला ‘सहन कर, मित्रच आहे’ असे कोणी सांगू नये. त्या चौकडीत मुलगी एकच आणि तिच्या वाट्याला समजूतदारपणाखेरीज फारसे काही येत नाही. तिची चेष्टा करणारी काही दृश्ये तर सरळ आक्षेपार्ह आहेत. भाषेचा प्रश्नही आहेच. २०१३ साली बांगलादेशाने हिंदीतील या मालिकेचे प्रसारण थांबवले, त्यामागे मुले बंगालीऐवजी हिंदी बोलू लागल्याची चिंता होती. आम्हा इंदूरकरांना ही चिंता परकी नाही. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि शाळेत इंग्रजी, अशा तीन रुळांवर आमची मुले चालतात. यावर बंदी हा उपाय मला पटत नाही. मुलाने हिंदीतून पाहावे, पण पाहिलेले मराठीतून सांगावे, आणि ऐकायला आजी-आजोबा किंवा आई-बाबा शेजारी असावेत. अर्धा तास पाहणे आणि पाव तास बोलणे, हे माझे प्रिस्क्रिप्शन आहे. एकट्याने मोबाईलवर तासन् तास पाहिलेले तेच कार्टून मात्र मी आजही बंदच करायला सांगते. मैत्रीच्या कथा पाहता पाहता मुलाला मित्रच उरू नयेत, यासारखी दुसरी विसंगती नाही.

आपल्या परंपरेलाही हे नवे नाही. पंचतंत्राच्या पाच तंत्रांपैकी पहिली दोन मैत्रीचीच आहेत: एक मित्र कसे तुटतात याचे, दुसरे मित्र कसे जोडावेत याचे. तेथेही बोलणारे कावळे, उंदीर, कासव आणि हरीण आहेत. विष्णुशर्म्याला राजपुत्रांना शहाणे करायचे होते, आणि त्याने आरंभ केला तो मित्रभेदापासून, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. मैत्री तुटते कशी, हे ज्याला कळले, त्यालाच ती जोडता येते.

आता त्या अपुऱ्या गोष्टीचा शेवट. एप्रिल २०२२ मध्ये वर्तमानपत्रात एक लहानशी बातमी आली. फुजिको फुजिओ या जोडनावातील मोतो आबिको यांचे जपानमध्ये निधन झाले होते. ती वाचून मी अधिक शोध घेतला. डोरेमॉनचे जनक हिरोशी फुजिमोतो आणि हे आबिको शाळेतील वर्गमित्र. जपानच्या तोयामा प्रांतातील ताकाओका या गावी चित्रे काढणारी दोन मुले शेजारी बसली, आणि १९५४ साली दोघे मिळून तोक्योला गेली. अनेक वर्षे दोघांनी एकाच नावाने लिहिले. डोरेमॉन ही वस्तुतः फुजिमोतोंची निर्मिती, पण तिच्यावरही नाव दोघांचे. १९८७ साली दोघांनी काम वेगळे केले. ज्याची निर्मिती त्याच्या नावावर लावली, आणि मैत्री होती तशी ठेवली. फुजिमोतो १९९६ साली, वयाच्या ६२ व्या वर्षी गेले. आबिको पुढे पंचवीस वर्षे जगले.

त्या संध्याकाळी मी दवाखान्यातून लवकर निघाले. करोनाच्या दोन लाटांत आपल्यातील किती सहकारी गेले, हे मनात होतेच. तेरा वर्षांनी मी मैत्रिणीला फोन लावला. तिने उचलला आणि म्हणाली, “बोल.” पहिल्या वर्षाला असताना म्हणायची, तसेच. मी बरेच काही ठरवून ठेवले होते. प्रत्यक्षात “माझं चुकलं” एवढेच बोलता आले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तू जे म्हणालीस ते कदाचित बरोबरही होतं. त्या रात्रीचा विचार मी हजारदा केलाय. पण ते तू मला सांगायला हवं होतंस. त्यांना नाही.”

तेरा वर्षे मी ‘खरे की खोटे’ या प्रश्नाला धरून बसले होते. प्रश्न ‘कोणाजवळ’ हा होता. सहकाऱ्याची चूक सहकाऱ्याला एकांतात सांगणे आणि नातेवाइकांच्या दारात उभे राहून ती सुचवणे, यांतील अंतर मला वैद्यकीय महाविद्यालयाने शिकवले नव्हते, किंवा शिकवले असेल तर मी त्या तासाला झोपले होते. चुका झाकाव्यात, असे मी म्हणत नाही. रुग्णाला सत्य कळलेच पाहिजे, पण ते एकत्र बसून, नोंदी समोर ठेवून आणि दोघींच्या तोंडून कळावे. आज आम्ही पुन्हा महिन्यातून एखादे बाळ एकत्र पाहतो. पूर्वीसारखे सगळे झाले, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. तेरा वर्षांतील तिच्या घरातील दोन मृत्यू आणि एक लग्न मला ठाऊकच नव्हते. ती वर्षे परत आणणारे यंत्र कोणाच्याही खिशात नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने दोन सूचना करते. पहिली बालकांसाठी. वजन, उंची, लस आणि भूक यांबरोबरच प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारावा: “तुझा मित्र कोण?” उत्तर यायला वेळ लागला, तर ती खूण तापाइतकीच गंभीर मानावी. दुसरी सूचना आपल्यासाठी. आपल्या संस्थेचे वार्षिक संमेलन, कोजागरी, गणेशोत्सव हे सारे आता व्याख्याने आणि सत्कार यांनी भरून गेले आहे. त्यातील एखादी संध्याकाळ भाषणाविना मोकळी ठेवावी. सिमेंटचे तीन पाइप आणणे जमणार नाही, परंतु चार खुर्च्या गोल मांडता येतील. वर्षभरात ज्याच्याशी बोलणे तुटले, त्याच्या शेजारी त्या दिवशी बसावे. आरंभ कसा करावा, हे सुचले नाही तर डोरेमॉनचा विषय काढावा. तो कोणाला ना कोणाला माहीत असतोच.